मिठाची पुडी आणि कोरा संगणक

आमच्या धनजच्या शैलजाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून हे पुस्तक निघतंय. त्यात मीही चार शब्द सांगावेत, असा मंडळींचा आग्रह. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. चूक निघाली तर तिची.

बाईंची पहिली ओळख त्यांच्या संगणकाच्या वर्गात झाली. नात पूजा दिवसभर तिथं काय करते, ते पाहायला गेले होते. पडद्यावर पानं आपोआप उघडत होती, रकाने आपोआप भरत होते, आणि पोरी हाताची घडी घालून बसलेल्या.

"बाई, हे भुताटकी हाय का?"

"नाही आजी. लोकायच्या हाती द्यायच्या आधी वेबसाइट तपासून राह्यलो. माणसानं जे दाबून पाह्याचं, ते हे यंत्रच दाबते. अडलं की सांगते."

"म्हंजे पोरी रिकाम्याच!"

बाई हसल्या. माझ्या टोमण्यांवर त्या आजवर रागावल्या नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

दुसरा गुण मात्र मला तेव्हा दुर्गुणच वाटला. पुण्याच्या एका कंपनीनं पूजाला परीक्षेला बोलावलं. तिथल्या कोऱ्या संगणकावर ब्राउझर आणि तो चालवणारी सगळी साधनं स्वतः बसवायची, मग तपासणी चालवून दाखवायची. जमलं तर नोकरी. नाही तर आईबापांसोबत ऊसतोडीला. वर्गातल्या संगणकावर पूजाचं सगळं सुरळीत चालत होतं. आणि बाईंनी नेमका तोच संगणक पुसून कोरा केला! पोरगी रडत घरी आली. मी तशीच वर्गात गेले.

"मांडलेली चूल काहून मोडली, बाई?"

बाईंनी आधी मला खुर्ची दिली. "आजी, पोहरादेवीले यात्रेत सैपाक करता, तवा घरी काय राहून जाते?"

"मीठ. दर खेपेले. घरी चुलीपाशीच असते न, ध्यानातच येत नाही."

"मंग पूजाचं मीठ कोणतं, ते पाहू द्या तिले."

पूजानं पुन्हा सगळं बसवलं, तपासणी सुरू केली, तर ती पहिल्याच पानावर थांबली. जुन्या ब्राउझरनं तिचा पासवर्ड लक्षात ठेवला होता. दार आपोआप उघडायचं, म्हणून ते उघडायला यंत्राला सांगायचंच पोरगी विसरली होती. बाई दिवसभर तिच्या शेजारी बसल्या, पण हात पदराखाली. जेवायलाही उठल्या नाहीत, आणि एकदाही बटणाला बोट लावलं नाही. उपाय पूजानंच शोधला.

मग पुण्याहून फोन आला. "आजी, चाललं! लागली नोकरी!"

"मीठ नेलं होतं?"

"सगळ्यात आधी!"

तेव्हापासून मी बाईंना पाठीमागं नावं ठेवत नाही. तोंडावरच ठेवते.

बाई, मी आपल्याहून थोरली, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. आपले डोळे शाबूत राहोत, गुडघे चालते राहोत, शंभरी गाठा. आणि यंदा यात्रेले माह्यासंगं चाला. सैपाक मी करतो. मीठ तेवढं तुमी आणा. माह्यावर भरवसा नाही.