धुक्यातली होडी

फ्राऊ हान, म्हणजे हानबाई, वारल्याचं इरानं शाळेतून आल्या आल्या दारातच सांगितलं... जर्मनमध्ये. त्याला आता काही आठवडे झाले. माझ्या या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. नाशिकहून आजीचा फोन आला की मधे दुभाषा मी. आजीची नात आजीपासून हळूहळू लांब चालली होती.

फ्राऊ हान मुलांसाठी पुस्तकं लिहायच्या आणि हायडेलबर्गमध्ये आमच्या खालच्याच मजल्यावर, स्वतःच्या बैठकीत, शनिवारी मुलांना गोष्टी सांगायच्या. जन्म कोरियातला. आई इथे नर्स म्हणून आली तेव्हा त्या अगदी लहान होत्या; आई ड्यूटीवर गेली की शेजारच्या जर्मन बाईंच्या स्वयंपाकघरात असायच्या. पुढे कोरियाहून आजी भेटायला आल्या, तर नातीकडे त्यांच्याशी बोलायला शब्दच उरले नव्हते. दोघी नुसत्या हात हातात घेऊन बसल्या...

त्यांच्या दाराशी लोकरी सपातांची टोपली असे. मुलांनी बूट काढून त्या घालायच्या. गोष्ट जर्मनमध्ये सुरू व्हायची आणि ऐन रंगात आली की त्या थांबायच्या. पुढचं घरी रचायचं, घरच्या भाषेत. मी लेखापरीक्षक, ताळा जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. एकदा म्हणालो, "शेवट निदान माझ्या कानात तरी सांगा."

"मग घरी इराशी काय बोलाल, श्रीयुत कुलकर्णी? टॅक्सबद्दल?"

त्यांच्या शेवटच्या शनिवारी नेकार नदीवर धुकं उतरलं होतं, आणि गोष्टही धुक्यातल्या होडीची. आत झोपलेली मुलगी. दोन्ही काठांवरून कुणीतरी तिला हाका मारतंय, दोन वेगळ्या नावांनी. होडी मधोमध आली आणि फ्राऊ हान थांबल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बहिणीनं ती टोपली इरासाठी वर आणून दिली. इरानं फ्राऊ हान यांच्या करड्या सपाता पायात घातल्या. टाचेमागे बरीच जागा उरली. तेवढ्यात आजीचा फोन. इरानं तो उचलला आणि ती होडीची गोष्ट सांगू लागली... मराठीत, अडखळत. मी मदतीला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच मला थांबवलं.

"अगं, मग उतरली कुठे ती? मला अशी पाण्यात ठेवू नकोस, बाई!"

"उतरली नाही, आजी. तिने... वल्हं मागितलं."

"आणि मग?"

टोपली आता आमच्या दाराशी असते. गोष्ट फोनवर रोज थोडी पुढे सरकते. ताळा काही जुळत नाही, आणि मला जेवण जातं.