नागपूरचा मामा

प्रिय ईशा आणि निनाद,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, मागे कोण खोकलं?" मी जुन्या सवयीने म्हणाले, टीव्ही. तो टीव्ही नव्हता, तुमचा शेखरमामा होता. तुम्ही आता मोठे झालात आणि मी थकले, म्हणून लिहिते.

लाखांदूर सोडलं तेव्हा शेखर एकवीस वर्षांचा होता. टेम्पोत सामान चढलं. "काहून जाऊन राहिल्या मॅडम?" शेजारणीने विचारलं. "बदली झाली," मी म्हणाले. बदली मीच मागून घेतली होती. शेखरला आवाज ऐकू येत, भर बाजारात तो त्यांना उत्तरं देई, आणि लोक थांबून बघत.

भंडाऱ्यात घरमालकीणबाईंनी मुलांची चौकशी केली. मी बोलून गेले, "मुलगी शिकते, मुलगा नागपूरला नोकरीला आहे." त्या एका वाक्यात आम्ही सगळे कोंडले गेलो. नागपूरला असलेला माणूस ओसरीवर कसा बसणार? त्याचे शर्ट मी मागच्या खोलीत वाळत घालायची. त्यांचा कुबट वास कधी गेला नाही. मी शाळेत शिकवायला जाताना बाहेरून कुलूप. तुमच्या आईलाही मीच गप्प केलं, म्हणून तुमच्यासाठीही तो नागपूरचा मामाच राहिला. आजोबा गेले तेव्हा अग्नी पुतण्याने दिला. "नागपूरहून निघालाय, पोचेल," मी लोकांना सांगत होते, आणि शेखर भिंतीपलीकडे ऐकत होता. सगळे गेल्यावर त्याने विचारलं, "आई, मी खरंच नागपूरले आहो का?"

आधीच खोटे आवाज ऐकणाऱ्या मुलाला मी माझाही एक दिला होता.

त्यानंतरच्या मंगळवारी त्याच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात गेले. बाकावर मोहाडीकडच्या एक बाई होत्या, सुमनबाई. घरची धानाची शेती.

"पेशंट कोन हाये मॅडम?"

"मीच. झोप येत नाही."

"झोपेची फाइल एवढी जाडी?" त्या हसल्या. "मले बी पयले झोपच येत नव्हती." मग शेजारी पुटपुटत बसलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे पाहा माही झोप."

मलाही हसू आलं. मग मी शेखरचं नाव सांगितलं.

आता दर मंगळवारी त्या लेकीला घेऊन आमच्याकडे येतात, शेखरपाशी बसतात आणि मला बाहेर पाठवतात. पहिल्यांदा मी पंधरा मिनिटांत परतले. अजूनही अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर पाय टिकत नाही. माझ्यानंतर कोण, हे मला ठाऊक नाही. ते ओझं तुमच्यावर टाकत नाही. रविवारी फक्त त्याला मामा म्हणून हाक मारा.

लाखांदूरचं घर विकलं. आजोबा नाहीत. शेखर आहे, भंडाऱ्यातच आहे, आणि त्याचे शर्ट आता अंगणात वाळतात.

तुमची आजी