राणीच्या कव्हरला दुसरा चान्स असतो का?

कॅरमवाल्यांनो, आज ओतूरला आमच्याच घरी, आमच्याच बोर्डावर हरलो.

पिंपळवंडीला दिलेल्या ताईचे मालक, आमचे दाजी, आले होते. दोघांची एकेक सोंगटी उरलेली. त्यांनी राणी घेतली, पण कव्हर चुकलं. मी राणी परत मधे ठेवायला लागलो, तर म्हणतात, "आमच्यात कव्हरला अजून एक चान्स असतो."

मी म्हणालो, "दिवाळीत तुमच्याकडं खेळलो, तवा तुमीच म्हणलात, ज्याचा बोर्ड त्याचा नियम."

आतून आई म्हणाली, "जावई हायेत ते. दे की एक चान्स."

दिला. त्यांनी कव्हर घेतलं, गेम घेतला, वर चहाही घेतला.

त्यांच्या घरी बोर्ड त्यांचा, आमच्या घरी ते जावई. मग राव, माझा नियम चालायचा तरी कुठं?