दुसऱ्या माणसाचं ‘हो’

माझी लेक भैरवी रामदासपेठेतल्या एका खासगी इस्पितळात सर्व्हर सांभाळते. ती लागली तेव्हा तिथे सगळी यंत्रणा उघडणारा एकच मोठा पासवर्ड होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. काही अडलं की जो समोर असेल तो आत शिरायचा आणि फोनवरून कोणी सांगेल ते टाइप करायचा.

भैरवीने तो बंद करून एक वेबपान बनवलं. आपापल्या नावाने उघडायचं, त्यावर दिलेली मोजकी बटणंच दाबायची, बाकी कशाला हात लागत नाही. शिवाय कुठलंही बटण दाबलं की तिचे साहेब मारोतराव यांच्या मोबाइलवर विचारणा जाई आणि ते ‘हो’ म्हणाले तरच काम पुढे सरके. सगळ्याच बटणांना परवानगी लावण्याचा हा धास्तावलेला स्वभाव तिने माझ्याकडून घेतलाय.

“तुहं पान तं सासूपेक्षा जास्त विचारते वं,” लॅबमधली कामिनी तिला चिडवायची.

प्रिंटर अडकला तरी विचारणा. मारोतराव गाडी लावताना, चहा पिताना ‘हो’ दाबत राहिले.

त्या शनिवारी लॅबचे रिपोर्ट उघडेनात. कामिनीला रिपोर्ट दाखवणारी सेवा नुसती पुन्हा सुरू करायची होती. गर्दीत तिचं बोट खालच्या बटणावर पडलं: रात्रीची प्रत परत आणा. मारोतराव नरखेडला लग्नाच्या पंगतीत होते. त्यांनी ‘हो’ दाबलं. सकाळपासूनचे रिपोर्ट गेले आणि आदल्या रात्री साठवलेले वर आले.

वॉर्डात धोंडबा नावाचे म्हातारे होते. सकाळच्या तपासणीत त्यांचं पोटॅशियम फार वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिला तो रात्रीचा आकडा, बरा असलेला. दुपारी धोंडबा गेले. ते तसेही वाचले नसते, असं डॉक्टर म्हणतात. भैरवीला ते पटत नाही.

“सर, त्या विचारणेवर लाल अक्षरात लिहिलं होतं, जुनी प्रत परत येईल म्हणून,” ती मारोतरावांना म्हणाली.

“जेवत होतो वं मी. दिवसभर हो-होच तं करतो. कोनतं लाल अन् कोनतं हिरवं, मले काय समजन?”

ती घरी येऊन मला म्हणाली, “आई, त्यांचं खरं आहे. त्या एकाच बटणासाठी विचारायला हवं होतं. मी सगळ्याच बटणांसाठी विचारत बसले, म्हणून त्यांनी वाचणं सोडलं.”

ते एक बटण सोडून बाकीच्यांना लावलेली परवानगीची अट काढून टाकते, दोन दिवस द्या, असं तिने व्यवस्थापनाला विनवलं. त्यांनी पानच बंद केलं. मोठा पासवर्ड पुन्हा सुरू झाला.

आज जेवताना तिचा फोन वाजला. लॅबमधला कोणी नवा मुलगा होता, रिपोर्ट उघडत नव्हते. तिने घास ताटात ठेवला, डोळे मिटले आणि एकेक अक्षर करून त्याला पासवर्ड सांगितला. मग म्हणाली, “आता मी सांगते तेच टाइप कर,” आणि एक ओळ सांगितली. “एंटर दाबायच्या आधी मला वाचून दाखव.”

पलीकडून तो म्हणाला, “दाबलं ना ताई.”