जगतील, मी आहे ना

उत्तर घानातल्या त्या गावात लामिसीला सगळे सुईवाली म्हणत. संशोधन केंद्रानं दिलेल्या मोटरसायकलवरून ती घरोघर फिरे. लेकरांना लस टोची, बायकांना पाळणा लांबवायची सुई देई आणि कुठं कोण जन्मलं, कोण गेलं ते केंद्राला कळवी. तिच्या आईची पाच मुलं मातीत गेली होती. तिला हे काम नुसती नोकरी वाटत नसे.

"स्वतःला एक पोर नाही, अन् आमच्या सुनांना शिकवतेय!" बाजरीची दारू पीत बसलेले म्हातारे टोमणा मारत.

"आजोबा, तुमच्या सगळ्या नातवंडांची नावं सांगा बघू!" ती म्हणे, आणि म्हातारेच खो खो हसत.

अयिनपोका तिची लहानपणची मैत्रीण. पदरात एक मुलगा, एक मुलगी, आणि दोन बाळंतपणांत अंगातलं सगळं बळ गेलेलं. तिला सुई हवी होती, पण नवरा अतांगा ऐकेना. लामिसी त्याच्या अंगणात जाऊन बसली.

"ही दोन धडधाकट वाढू देत की, भाऊजी. घाई कसली?"

"आणि नाही जगली तर?"

"जगतील. मी आहे ना!"

अतांगानं मान डोलावली.

त्या वर्षी कोरड्या वाऱ्याबरोबर मान ताठ करणारा ताप आला. त्यावरची लस गावात पोचायला उशीर झाला. अयिनपोकाचा मुलगा फणफणला तशी लामिसीनं मायलेकरांना मागं बसवून दवाखान्याकडे मोटरसायकल पिटाळली. वाटेतच आईच्या मांडीवर तो गेला. आठवडा उलटायच्या आत धाकटीही गेली.

लामिसी भेटायला गेली तर सासू दारात आडवी आली. "सुनेची कूस बांधलीस. होती ती दोन कुठायत? सांग ना!"

आत भिंतीशी बसलेल्या अयिनपोकानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सुईचा असर संपला, तरी अयिनपोकाला दिवस राहीनात. "थोडा वेळ लागतो, भाऊजी," लामिसी म्हणाली.

"तुझं एकदा ऐकलंय मी," अतांगा म्हणाला. पीक घरात आल्यावर त्यानं दुसरी बायको आणली.

पुढं शहरातल्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, या गावांतले बालमृत्यू पुष्कळ कमी झाले. टाळ्या वाजल्या. खोटं काहीच नव्हतं. जगलेली कितीतरी पोरं लामिसीच्या अंगाखांद्यावर खेळली होती. ती बाहेर आली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

काही वर्षांनी अयिनपोकाला मुलगी झाली. झाडाखाली लेकरांची वजनं चालली होती, तिथं ती पोरीला घेऊन आली.

"जगेल का?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत ती लामिसीशी पहिल्यांदाच बोलत होती.

लामिसीचे ओठ हलले. आता तो शब्द ती कुणालाच देत नसे. "वजन चांगलं आहे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात लस आहे. आण तिला."

अयिनपोकानं पोरीला पाठीशी बांधलं आणि ती निघाली. पुढं दर महिन्याला ती न चुकता आली. घरी मात्र तिनं लामिसीला कधीच बोलावलं नाही.