माझी चूक, उशिरा बोललो

सबीनाने तो कागद दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चच्या पॅरिशमधल्या डान्स कमिटीच्या मीटिंगचे मिनिट्स होते ते, नीट टाइप केलेले, खाली सेक्रेटरी फ्रँकीची सही. हॉलला पंचवीस वर्षं झाली, त्या कार्यक्रमाला बाहेरून नाचाचा कॉलर बोलवायचा. कारण सध्याचे कॉलर मिंगेल 'वारंवार चुका करतात, आणि तसं स्वतः माइकवर कबूल करतात'.

कबूल करतात म्हणे! सबीनाच्या नवऱ्याने, म्हणजे खुद्द मिंगेलने, शांतपणे बूट काढले आणि चहा आहे का विचारलं.

गिरावीन या उपनगरातल्या त्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, बुश डान्स हा ऑस्ट्रेलियन गावरान गटनाच असायचा. कोपऱ्यात अकॉर्डियन आणि फिडल, मधे चार-चार जोड्यांचे गट, आणि पुढचं पाऊल कुठलं ते माइकवरून सांगणारा कॉलर. सत्त्याऐंशीपासून सलग नऊ वर्षं ते काम वसईच्या मिंगेलचं होतं. दिवसभर पंपांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि शनिवारी हे.

आवाज काही फार मोठा नव्हता त्याचा. पण पाऊल पडायच्या बरोबर दोन ठोके आधी शब्द यायचा. नवीन जोडीला तो गटात शेवटी उभं करायचा, म्हणजे आधीच्या तीन जोड्यांचं बघून तिला जमायचं. ज्यांचा डाव्या-उजव्याचा गोंधळ व्हायचा त्यांच्यासाठी 'किचनकडे वळा', 'दाराकडे वळा'. आणि कुणी चुकलं, कुणी कुणावर धडकलं, की लगेच माइकवर, "सॉरी, माझी चूक, उशिरा बोललो. परत घेऊ."

उशिरा तो कधीच बोलायचा नाही. सबीना चर्चमध्ये मासला ऑर्गन वाजवायची, ठोके तिला झोपेतही कळायचे. घरी हाच माणूस आमटीत मीठ जास्त झालं तर दोन दिवस ऐकवायचा, आणि तिथे अख्ख्या गिरावीनच्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायचा. त्यात सगळ्यात जास्त चुका कुणाच्या? फ्रँकीच्या. ठाण्याचा फ्रँकी, बँकेत मोठा ऑफिसर, पण उजवा हात म्हटलं की हमखास डावा पुढे. आणि त्यानेच हा कागद टाइप करावा! कमाल झाली.

"उद्याच जा आणि सांग त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? की फ्रँकी, तूच चुकत होतास?" मिंगेलने कप खाली ठेवला. "मग तो परत नाचेल का?"

आता मात्र तिला फ्रँकीपेक्षा नवऱ्याचा जास्त राग आला. नऊ वर्षांचं नाव मातीत गेलं आणि ह्याला फ्रँकीच्या नाचाची पडलीय. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. कार्यक्रमाला ती जाणार नव्हती. मग तिला वाटलं, का नाही जायचं? आपण काय चोरी केली आहे? चांगली रेशमी साडी नेसून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

नवा कॉलर सिटीतून आलेला, जाकिटातला, खणखणीत आवाजाचा. वाईट नव्हता. पण सेक्रेटरी म्हणून फ्रँकीला आणि त्याची बायको ट्रिशाला त्याने सगळ्यांत पुढे उभं केलं. तिसऱ्या नाचात व्हायचं तेच झालं. उजवीकडे म्हटलं, फ्रँकी डावीकडे वळला आणि पूर्ण गट एकमेकांवर आदळला. कॉलरने बँड थांबवला. निळ्या शर्टवाल्या दोस्ताला कुणीतरी त्याचा उजवा हात दाखवा, असं तो हसत माइकवर म्हणाला. हॉल हसला. परत सुरू केलं, फ्रँकी परत चुकला, या वेळी लोक जास्त हसले. ट्रिशाने त्याचा हात सोडला. फ्रँकी खाली जमिनीकडे बघत उभा राहिला.

भोग आता, असं सबीना मनात म्हणाली. अगदी गार वाटलं तिला.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. मिंगेल उभा राहिला होता, हातात माइक नाही, काही नाही.

"सॉरी, माझी चूक, उशिरा बोललो," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "फ्रँकी, किचनकडे."

सवयीने दोघं-तिघं हसले. मग कुणीच हसेना. त्या दिवशी मिंगेल माइकवर नव्हताच, मग उशिरा बोलणार कसा, हे सगळ्यांना कळलं. फ्रँकी किचनकडे वळला. बँड सुरू झाला, या वेळी गट नीट फिरला, आणि मिंगेल गुपचूप खाली बसला. सबीनाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला.

चहाच्या वेळी फ्रँकी तिच्यासमोर आला. कागदी कप हातात, चहाला तोंडही लावलेलं नव्हतं. आठवडाभर तिने त्याच्यासाठी शेलक्या शिव्या जमवून ठेवल्या होत्या.

"सबीना," तो हळूच म्हणाला, "ही सगळी वर्षं तो 'माझी चूक, माझी चूक' म्हणायचा, तेव्हा..."

पलीकडून मिंगेल तिला मानेनेच नको, नको म्हणत होता. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग फ्रँकीकडे.

"एकदाही तो उशिरा बोलला नाही," ती म्हणाली. "टाइप कर. आणि खाली सही कर."