कपाटातला नवरदेव

आमच्या वन्सं पडदे शिवायच्या. खिडकीचे, दाराचे, दवाखान्यातले, कुणी सांगेल ते. मशीन मधल्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. नवऱ्याला सगळे चष्मेवाले म्हणायचे. त्यांना अहो-जाहो करायचं ते नात्यापायी, लायकीपायी नव्हे. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, मारझोड नाही. पण स्वतःवर इतका खूश माणूस दुसरा दाखवा. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा, समोर आरसा धरायचा, आणि त्यात आधी आपला भांग बघून घ्यायचा.

त्यांचा जीव एका जुन्या सिनेमावर. काळा-पांढरा, हसवून पोट दुखवणारा. त्यात एक नवरदेव लग्नाच्या दिवशीच घाबरून कपाटात लपतो. ते कपाट विकलं जातं, आणि हा बापडा आतल्या आत या घरातून त्या घरात फिरत राहतो. नवरी मागोमाग दारं ठोठावत हिंडते. तिचं एक गाणं आहे, "कुठल्या दारी, कुणाच्या घरी, सांग कुठं तू दडलास" म्हणून. वन्संनी तो सिनेमा कुवारपणी पाहिलेला. तेव्हापासून ते गाणं त्यांच्या जिभेवर. मशीनवर पाय पडला की गाणं सुरू. पोरं त्याच गाण्यावर झोपली, त्याच गाण्यावर उठली. गळा असा गोड की रस्त्यानं जाणारा चालता चालता हळू व्हायचा.

साठी उलटली आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात शिरलं, या सिनेमाची मैफल करायची. म्हणजे सिनेमा दाखवायचा नाही. स्टेजवर उभं राहून त्यातली गाणी म्हणायची आणि मधले विनोद तोंडानं करून दाखवायचे. नवरदेव कोण, तर हे. पाच नातवंडांचा आजोबा. केसांना काळं फासलं, ते कानांनाही लागलं.

वन्संनी मनात धरलं, नवरीचं गाणं आपलंच. त्यात विचारायचं काय? एकदा, आयुष्यात एकदाच, चार माणसांसमोर उभं राहून ते म्हणायचं, एवढंच त्या बाईला स्वतःसाठी हवं होतं. दुसरं कधी काही मागितलं नाही तिनं.

चष्मेवाल्यांनी ताटावरून मानसुद्धा वर न करता सांगितलं, "ते औषधवाल्याच्या बायकोला दिलंय."

"का?"

"हॉल त्यांच्या ओळखीनं मिळालाय. आणि तू काय, घरचीच. घरी रोज म्हणतेसच की."

"घरी मशीन ऐकतं."

"मग स्टेजचा पडदा तू शिव. तोही लोक बघणारच आहेत."

बघा म्हणजे. आणि हे बोलून वर भात मागितला. वन्संनी वाढला. काय करतील? पण त्या दिवसापासून मशीनवर गाणं बंद झालं. नुसती सुईची खडखड. चष्मेवाल्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग मैफलीला कपाट हवं झालं. बाहेरून आणायचं तर कोण देतंय? यांनी वन्संचंच कपाट उचललं. आतले कपडे वन्संनाच पलंगावर काढून ठेवायला लावले. आपला आवाज बाहेर नीट यावा म्हणून कपाटाच्या पाठीला सुताराकडून भोकं पाडून घेतली. चांगलं सागवानी कपाट, त्याची चाळण केली. तालीम मात्र कपाटाशिवाय. का, तर नवरदेवाचा काळा कोट चुरगळतो.

मैफलीच्या दिवशी हॉल भरला. फुकट होतं ना. नातेवाईक, गिऱ्हाइकं, औषधवाल्याचा सगळा गोतावळा. वन्सं स्टेजच्या कडेला पडद्याची दोरी धरून.

आता हसवायचा कार्यक्रम म्हटल्यावर माणसानं हसवावं की नाही? हे प्रत्येक विनोदाआधी हात जोडून सांगायचे, "रसिकहो, यापुढचा प्रसंग अत्यंत विनोदी आहे." विनोद झाला की, "यातली गंमत अशी, की..." एक म्हातारा मध्येच खुदकन हसला, तर त्याच्याकडे असं बघितलं जसं त्यानं चष्मा फोडला. व्हायोलिनवाला जांभई देताना सगळ्यांनी पाहिला. औषधवाल्याची बायको नवरीचा हार घालून मिरवत होती. आवाज म्हणाल तर दाराची बिजागरी बरी.

शेवटी चष्मेवाले उघड्या ठेवलेल्या कपाटात शिरले आणि आतून दार ओढून घेतलं. खट्.

आता नवरीनं एक कडवं म्हणून दार उघडायचं होतं. बाईनं कसंबसं कडवं म्हटलं आणि दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. ड्रमवाला आला, त्यानं ओढलं. आतून आवाज आला, "रसिकहो, जरा थांबा." आणि हॉल फुटला. हसून हसून माणसं खुर्चीवरून घसरायला लागली. सबंध कार्यक्रमात पहिल्यांदा.

त्या कपाटाची खोड अशी, की दार थोडं वर उचलून खालच्या कोपऱ्याला पायानं दाबल्याशिवाय ते उघडत नाही. घरात शेंबड्या पोराला ठाऊक. पण चष्मेवाल्यांनी उभ्या जन्मात स्वतःचा सदरा स्वतः कपाटातून काढला असेल तर ना. यांनी हात पुढं करायचा, वन्संनी हातात द्यायचा.

वन्संनी दोरी खुंटीला गुंडाळली आणि शांतपणे स्टेजवर आल्या. कपाटाजवळ तोंड नेलं.

"अहो, मी आहे."

"आलीस का? उघड लवकर."

"उघडते. आधी गाणं होऊ दे."

"कुठलं गाणं? अगं, लोक बसलेत."

"म्हणूनच."

"घरी गेल्यावर म्हण हवं तेवढं."

"गुदमरायचं नाही तुम्ही. भोकं पाडलीत की."

आणि त्या लोकांकडे वळल्या. पहिला सूर जरा हलला. मग नाही हलला. व्हायोलिनवाला जागा झाला आणि त्यांच्या मागोमाग निघाला. सगळं गाणं म्हटलं, कडवी गाळली नाहीत, धृपद परत परत घोळवलं. आतून चष्मेवाले दार बडवत होते, ते लोकांना त्यातलंच वाटलं. मघाशी हसणारी माणसं आता कान देऊन ऐकत होती. शेवटचा सूर सोडून वन्संनी दार उचललं, कोपऱ्याला पाय लावला. दार उघडलं.

टाळ्या पडल्या. घामानं केसांचा रंग गालांवर ओघळलेला, अशा अवतारात चष्मेवाले बाहेर आले आणि छातीला हात लावून वाकले. एकदा नाही, तीनदा. टाळ्या कुणाच्या, वाकतंय कोण.

दुसऱ्या दिवशी दुकानात सांगत होते, "ती सगळी माझीच योजना. शेवटपर्यंत गुप्त ठेवली." मग मधल्या खोलीत आले. दुसऱ्या गावचं बोलावणं आलं होतं.

"पुढच्या वेळी गाणं तूच म्हण," उपकार केल्यासारखं म्हणाले. "औषधवाल्याला मी समजावतो."

वन्सं पडद्याला चुण्या घालत होत्या. "मला म्हणायचं होतं, ते म्हणून झालं."

"अगं, पण लोक तुलाच बोलावतायत."

"बोलावू देत. मला जावंसं वाटलं तर मी एकटी जाईन, आणि तुमचा विनोद ऐकायला थांबणार नाही."

चष्मेवाले एकटेच गेले तिकडे. सगळ्या विनोदांची गंमत समजावून सांगून आले. परत आल्यावर म्हणाले, तिथल्या लोकांना विनोदाची जाण नाही.